बटण हवं, काच नको

३ नोव्हेंबर, सोमवार
धुणं धुताना मनगटावरच्या घड्याळाने आपोआप फोन लावला. काचेवर पाणी उडालं, तेवढंच निमित्त. पुण्यात मुलगा, अभय, घाबरला, त्याने शेजारच्या कलावतीला कळवलं. ती पिठाच्या हातांनी धावत आली, मागून निम्मी गल्ली. "बाई, पडलात का वो?" मी पिळलेली साडी हातात घेऊन उभी.
दिवाळीला त्यानेच आणलेली वस्तू. नुसती काच. काल हळदीला पाणी देताना मुद्दाम फोन लावून पाहिला, तर चिखलाच्या बोटाला दाद नाही.

४ नोव्हें.
अभयशी सरळ बोलले. दसऱ्याआधी बोअरपाशी पडले, फोन बांधावर राहिला, पाऊण तास आभाळ बघत होते. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद. "आई, महिनाअखेरपर्यंत हाताला भरवशाचं काहीतरी पाहिजे. नाहीतर मी तुला पुण्याला न्यायला येणार."
अट मान्य. मात्र निवड माझी.
तिथे माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. फिकट निळी. फोटो आला. उत्तर दिलं नाही.

७ नोव्हें.
दोन दिवस माहिती वाचतेय. घड्याळाची जाहिरात करणारे सगळे पावलं आणि झोप मोजतात. मी किती झोपते ते मला माहीत आहे. मला बटण हवं, दाबल्यावर बोटाला कळणारं, न बघता सापडणारं. सिम आतच असावं. बस्स.

१० नोव्हें.
बसने परभणी. पिशवीत पाण्याची बाटली आणि डब्यात ज्वारीचं पीठ. दुकानात हात ओला केला, पिठात बुडवला.
"मॅडम, हे काय करायलात?"
"परीक्षा."
पहिल्याला बटण होतं पण काचेला हात लावल्याशिवाय पुढे सरकेना. दुसऱ्याचं बटण बाजूला सपाट, दाबलं की नाही समजेना. दुकानदाराला म्हटलं, हे बटण नाही, बटणाचं चित्र आहे. तिसरं जाडजूड, कडेला दोन उंच बटणं, दाबलं की टक्क. खालचं तीन सेकंद दाबून धरलं की ठरवलेल्या नंबरांना फोन. डोळे मिटून पाच वेळा दाबलं. पाचही वेळा बरोबर.
"लय जुनी पद्धत हाय मॅडम, आजकाल कुणी घेत न्हाई."
"म्हणूनच माझ्यासाठी उरलं."
पहिला नंबर कलावतीचा, दुसरा अभयचा.

११ नोव्हें.
फजिती. भाकरीचं पीठ मळताना तळहाताचा जोर लागतो, मनगट मागे वाकतं. हाताच्या पाठीने खालचं बटण दाबलं गेलं. एक, दोन, तीन. फोन.
कलावती आली, पण या वेळी चालत. "बाई, धावायचं का चालत यायचं ते आधी सांगत जा."
अभय हसला नाही. "आई, सोड आता. बॅग भरून ठेव."
दुकानात पीठ नेलं, पण मळलं नाही. प्रात्यक्षिक अर्धवट. शाळेत शिकवत असताना यासाठी मुलींचे गुण कापले असते मी.

१२ नोव्हें.
स्वयंपाकापुरतं काढून ठेवावं? नाही. काढलेली वस्तू काढलेलीच राहते. बांधावरच्या फोनने हे शिकवलंय.
सकाळी सुचलं. घड्याळ फिरवून बांधलं, बटणं कोपराकडे. त्या हातातल्या बांगड्या उजव्या हातात. आकडे उलटे दिसतात. दिसोत. वेळ बघायला भिंतीवर घड्याळ आहे.
नऊ भाकरी थापल्या. घरात दोन लागतात. एकही फोन गेला नाही! उरलेल्या सात कलावतीकडे.
"बाई, ही परीक्षा रोज घेत जा."

१८ नोव्हें.
धुणं, भांडी, मळणं, थापणं. सहा दिवस घड्याळ गप्प आहे. अभय म्हणतो, "गप्प बसणं ठीक आहे, बोलेल का?" प्रश्न रास्त.

२४ नोव्हें.
बोललं.
हळदीच्या सरीत पाय घसरला, गुडघा मुरगळला, उठता येईना. कोपरापर्यंत चिखल. बटण बोटाला लगेच सापडलं, पण बोट थांबलं. दाबलं तर घड्याळ पास, आणि मी पुन्हा पडले हेही सिद्ध. गुपचूप सरकत बांधापर्यंत जाता आलं असतं कदाचित.
दाबलं. एक, दोन, तीन.
नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून कलावती आली. लांबूनच ओरडली, "या वेळेला खरंच पडलात वो बाई!" जणू मी बक्षीस मिळवलंय.
अकरा मिनिटं. अभयला तेवढंच सांगितलं. मागच्या वेळी पाऊण तास. शनिवारी येतो, म्हणाला.

२९ नोव्हें., शनि.
अभय आला. गुडघ्याची सूज पाहिली, मग घड्याळ मागितलं. हौदात हात बुडवून, डोळे मिटून बटण दाबलं. भिंतीपलीकडून कलावती, "अभ्या, तुझी आई तुझ्यासमोर उभी हाय ना? मग मला कशाला पळवायलास?"
तो हसला. दिवाळीनंतर पहिल्यांदा.
"घड्याळ पास," म्हणाला.
"आणि मी?"
त्याने ताट पुढे ओढलं. भाकरी तीन खाल्ल्या.

३० नोव्हें.
महिनाअखेर. माझी बॅग माळ्यावरच आहे, त्याने काढली नाही. मीही आठवण करून दिली नाही. सकाळी माझ्याआधी उठून दाराशी फावडं घेऊन उभा. "आज पाणी मी देतो. तू बांधावर बस, नुसतं सांग."
"निळ्या खोलीचं काय?"
"राहू दे रंगवलेली."
घड्याळ बांधलं, बटणं कोपराकडे. बांधावर मी बसणार नाही, हे त्याला मळ्यात गेल्यावर सांगेन.