दांगुराकाकांचं जाळं

हवासा, ४ हिदार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॉलेज सोडलं म्हणून तू दोन महिने अबोला धरलास, तरी मीच लिहितोय. मामाच्या होडीवर जातो. काठावरचे करकोचे आता मला ओळखतात, तुझ्यापेक्षा बरे.

खरी बातमी दिंकेची. गेल्या महिन्यात तिला मागणी घातली, तर तिच्या वडिलांनी, दांगुराकाकांनी, भर मासळीबाजारात सुनावलं, की शिक्षण अर्ध्यावर टाकणारा माझी पोरही अर्ध्यावर टाकेल. सगळे हसले. ताई, माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या पहाटे लव्हाळ्यात त्यांचं जाळं लावलेलं होतं, ते मी सुरीनं फाडलं. कुणी पाहिलं नाही.

आता तेच जाळं दिंके अंगणात दुरुस्त करते आणि मी मदतीला जातो. एक टोक तिच्या मांडीवर, एक माझ्या. माझ्या गाठी बघून म्हणते, यानं मासे धरायचेत की गाढव बांधायचंय? काका परवा म्हणाले, पोरगा तसा कामाचा आहे. इतक्या सुखात मी कधी नव्हतो.

पण आळ गाबिसोआजोबांवर आलाय. जाळं लावायच्या जागेवरून त्यांचं काकांशी भांडण होतं ना. रविवारी उंबराखाली बैठक आहे. दोषी ठरले तर त्यांना तळ्यात होडी घालता येणार नाही, कुणी त्यांच्या पंक्तीला बसणार नाही. मी गप्पच राहू ना? लगेच कळव.

माझ्यावरचा लोभ तळ्यासारखा असू दे, ओसरला तरी आटू नये.

तुझा
लामिसो


यिरगालेम, ९ हिदार

चि. लामिसोस,
अनेक आशीर्वाद.

रागावले होते, आता घाबरलेय.

बैठकीत निवाड्याआधी म्हातारे ‘अफ्फिनी?’ विचारतात, म्हणजे सगळ्यांनी सगळं ऐकलंत ना? लहानपणी उंबरामागे लपून आपण त्यांची नक्कल करायचो. रविवारी तो प्रश्न येईल, तेव्हा ऐकायचं काय राहिलंय हे तुला एकट्याला ठाऊक असेल.

बाबा गेले तेव्हा गाबिसोआजोबा आपल्या दारातून चार दिवस हलले नव्हते. बोललास तर दिंके हातची जाईल, हे मलाही दिसतंय. पण गप्प राहून तिला घरी आणलंस, तर तू तिच्या हातचं खाशील तेव्हा तो म्हातारा एकटा जेवत असेल. मी याहून जास्त सांगणार नाही.

वासाची भाकरी धाडतेय. शिळी झाली तरी भाजून खा.

रागासकट तुझीच,
अमारेच


हवासा, १७ हिदार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अफ्फिनी विचारलं गेलं. सगळे हो म्हणाले, मी नाही म्हणालो. उभा राहिलो. सगळं सांगितलं.

गाबिसोआजोबा म्हणाले, सुरीला तरी धार होती की तीही अर्धवटच? कुणी हसलं नाही. मी त्यांचे पाय धरले. निवाडा असा, की जाळं मी एकट्यानं नीट करायचं आणि दांगुराकाकांच्या अंगणात पाऊल ठेवायचं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काल दिंके काठावर आली. जाळ्यातली मी बांधलेली एकेक गाठ तिनं सोडवली होती, तिच्या तशाच होत्या. जाळं माझ्यापुढे टाकलं, वर सुई ठेवली. रडली नाही, बसलीही नाही. एवढंच म्हणाली, की आता बांध.

ताई, बांधतोय. बोटं सोलवटलीत. तुझा तरी लोभ राहू दे.

तुझा
लामिसो