अंड्याचं पातेलं निंगव्वाला, घर रुपालीला

मी, दाक्षायणी विरुपाक्ष बिराजदार, वय वर्षे ६९, व्यवसाय शिवणकाम, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कुणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळ्याच मृत्युपत्रांत असतं, पण माझ्या बाबतीत ते दोनदा वाचावं. माझ्या नणंदेचा मुलगा अनिलकुमार सात वर्षं ‘मामीला कुत्र्याचं वेड लागलंय’ असं सांगत फिरतो आणि उद्या कोर्टातही तेच सांगेल. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१) कुत्रा. नाव आन्या. कानडीत आने म्हणजे हत्ती, त्यावरून. चिंचोळी एमआयडीसीत कामगारांचे युनिफॉर्म पोचवायला गेले होते, तेव्हा एका बंद कारखान्याच्या फाटकाला हा साखळीने बांधलेला दिसला. जात ग्रेट डेन, पण नुसती हाडं. प्राणिमित्र मुलं तासभर त्याला मराठी, हिंदी, इंग्रजीत बोलावत होती. हा ढिम्म. सोडून गेलेला रखवालदार कर्नाटकातल्या इंडीकडचा होता असं कळलं, तेव्हा मी माझ्या माहेरच्या कानडीत ‘इकडे ये’ म्हटलं, “इल्लि बा.” उठला आणि साखळी सोडताच थेट माझ्या रिक्षात येऊन बसला.

२) पातेलं. आमच्या लिंगायत घरात अंडं कधी आलं नव्हतं. महिनाभर मी त्याला ज्वारीची भाकरी आणि ताक दिलं, आणि ‘माझं कुत्रं शाकाहारी’ म्हणून मिरवलंही. तो आणखी वाळला. चूक माझी होती, ती इथे कबूल करते. रुपाली, सांगोल्याकडच्या धनगराची लेक, अकरा वर्षं माझ्याकडे कॉलर शिवते. ती म्हणाली, “काकू, ह्यो मरंल की! तुमी हात लावू नका, मी भाईर वट्यावर शेगडी मांडून ह्याला अंडी उकडते.” पुढे ती चार दिवस गावाला गेली. आन्या रिकाम्या पातेल्याजवळ बसून माझ्याकडे बघत राहिला. मी माझ्या हाताने सहा अंडी उकडली आणि मग डोक्यावरून अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी अंघोळीची गरज वाटली नाही.

नणंद निंगव्वा, अनिलकुमारची आई, म्हणाली, “वैनी, ह्या घरात आता मी पानीबी घेनार न्हाय.” शब्दाची पक्की, सात वर्षं घेतलं नाही. ते ॲल्युमिनियमचं पातेलं तिला द्यावं. घासून द्यावं.

३) घर. दोन खोल्या, ओटा आणि अंगण. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे, सासर-माहेरचा त्यात काडीचा वाटा नाही. घर, दोन्ही शिलाई मशिनं आणि बँकेतली ठेव रुपालीला देते. अट एकच: आन्या जिवंत असेपर्यंत याच घरात राहील.

कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात आणि घरी आन्याजवळ रुपाली असताना अनिलकुमार दोन माणसं आणि दोरी घेऊन आला. “मामी आता आश्रमात जानार, कुत्रं न्यायचंय,” म्हणाला. ज्याला आईने कानडीत अंगाई म्हटली, तो माझ्या अंगणात ‘कम, कम’ करत होता. आन्या दारात उभा राहिला. भुंकला नाही की चावला नाही, फक्त उभा राहिला. दोन्ही माणसं दोरी टाकून पळाली. मग रुपालीने माझ्याकडून शिकलेल्या कानडीत “इल्लि बा” म्हटलं, तसा तो जाऊन तिच्या पायाशी बसला. रुपालीने दवाखान्यात येऊन हे सांगितलं, आणि वारस कोण, हे मला तेव्हाच कळलं.

४) अनिलकुमार. ती दोरी मी घडी घालून कपाटात ठेवली आहे. ती त्याला द्यावी.

५) आन्या माझ्या आधी गेला तर. तो नऊ वर्षांचा झाला. एवढ्या मोठ्या जातीचं कुत्रं फार जगत नाही, तेव्हा बहुधा तसंच होईल. त्या दिवसाची मला भीती वाटते. वकील म्हणाले, “मग अट उरणार नाही, घराचं काय करायचं?” घर तरीही रुपालीचंच. कुत्र्यासाठी म्हातारीने घर उधळलं असं कुणी म्हणू नये. माझ्या जिवाला जीव देणाऱ्या माणसाला मी ते देते आहे.

ऑपरेशननंतर मी काठीशिवाय चालणार नाही, असं सगळे धरून चालले होते. आन्या माझं एक पाऊल पडेपर्यंत थांबायचा, मग आपलं टाकायचा. तीन महिन्यांत काठी सुटली. आज हा कागद नोंदवायला मी कार्यालयात पायी जाणार आहे, आन्याला घेऊन. शिपाई दारात अडवेल. अडवू दे. त्याला दाखवायला माझ्याकडे डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आहे.

लिहून ठेवणार: दाक्षायणी वि. बिराजदार (सही)

साक्षीदार:
१. डॉ. जोतिराम लवटे (सही)
२. हिंदुराव माने, शेजारी (सही). आन्याविरुद्ध महापालिकेत दोन अर्ज यांचेच. सही करताना म्हणाले, “दोनी मागं घेतले म्हनून लिवा की.” लिहिलं.

सोलापूर, दि. १४ जुलै २०२५