रेवतीच्या अंगातल्या चुली

१८ ऑगस्ट
नात रेवती जिल्ह्याच्या शर्यतीत पहिली. आठशे मीटर. हा गुण माझाच. लहानपणी मी दतिया गेटपर्यंत म्हशीमागे धावले होते. खरं तर म्हैस माझ्यामागे होती, पण वेग तोच.
मुलगा ऋषिकेश खुर्चीत झोपला होता, डोळे न उघडता शाबास म्हणाला. हा आळस त्याच्या बापाचा. माझं त्यात काही नाही.

१९ ऑगस्ट
रेवतीला बारावीला बायोलॉजी आहे. विचारलं, एवढा जोर येतो कुठून. म्हणाली, अंगात पेशी असतात, आणि पेशी-पेशीत शेकडो मायटोकॉन्ड्रिया. खाल्लेलं अन्न आणि श्वासातली हवा घेऊन ते शक्ती तयार करतात. म्हणजे चुलीच की. मग म्हणाली, "आजी, और ये सिर्फ माँ से मिलते हैं, बाप से नहीं।"
मी उठलेच. पुढचं ऐकायची गरज नव्हती. बाईकडून मिळतात, आणि घरात मोठी बाई मी.

२१ ऑगस्ट
मंडळाच्या गणपतीत रेवतीचा सत्कार. सेक्रेटरी सुभाषचंद्रजी म्हणाले, आरतीचं तबक आजीच्या हाती देऊ. पण समथरहून विहीणबाई भानुमतीही येणार. सून सुरभी म्हणते, विहिणीचा मान पहिला. गेल्या वर्षी तबक विहिणीकडे आणि मी कापराची डबी धरून उभी. यंदा नाही.
सेक्रेटरींना अट घातली: रेवतीने स्टेजवर सायन्स सांगावं. जिच्या चुली रेवतीच्या अंगात निघतील, त्या आजीला तबक. कागदावर लिहून सही करून दिली.

२३ ऑगस्ट
रेवती म्हणते, चालल्याने मायटोकॉन्ड्रिया वाढतात. ठरलं. रोज ओरछा गेटपर्यंत पायी.
दुपारी: ई-रिक्शाने गेले. येताना चालणार होते, पण रिक्शावाले भैया थांबून राहिले. त्यांचं मन कसं मोडायचं.

२४ ऑगस्ट
चालणं बंद. त्यात शक्ती खर्च होते. चुलीला सरपण हवं. बेसनाचे चार लाडू खाऊन पडून राहिले.
संध्याकाळी: जिना चढताना पाचव्या पायरीला दम लागला. लाडवात तूप कमी. सुरभीची चूक.

२८ ऑगस्ट
रेवतीकडून मराठी भाषण पाठ करून घेतलं. सारखी हिंदीत घुसते. म्हटलं, 'आजीकडून' हा शब्द मोठ्याने म्हण, मागच्या रांगेला ऐकू गेला पाहिजे. म्हणाली, आजी, एक बात बतानी थी. म्हटलं, सत्कारानंतर.

३१ ऑगस्ट, दुपार
नऊवारी नेसले. मोठी नथ घातली. विहीणबाई आल्या. कापराची डबी मीच आपणहून त्यांच्या हाती दिली. मन मोठं असावं.

१ सप्टेंबर
रेवती छान बोलली. "मायटोकॉन्ड्रिया मला आईकडून मिळाले. आईला तिच्या आईकडून. म्हणजे माझ्या समथरच्या आजीकडून."
मागच्या रांगेला ऐकू गेलं. टाळ्या तिथूनच सुरू झाल्या.
सुभाषचंद्रजींनी माझा कागद माइकवर वाचला, सहीसकट. तबक विहिणीला. तिने कापराची डबी माझ्या हातात परत ठेवली. मी धरली. काय करणार, आरती सुरू झाली होती.
घरी आल्यावर रेवतीला विचारलं, मग माझ्या चुली गेल्या कुठे.
"बाबा में, आजी. सब के सब. पर उनसे आगे किसी को नहीं मिलते।"
ऋषिकेश पहिल्या रांगेत होता. झांजा, घंटा, शंख, सगळं मंडळ उभं. हा बसलेला. घरी आला तोही थेट खुर्चीत.
मी जाऊन नीट पाहिलं. माझ्या सगळ्या चुली तोंड उघडं टाकून घोरत होत्या.