भरल्या गाडीतली चार बोटं

अहो,

शीतकरण केंद्राच्या आवारात बसून लिहितेय. पुढे सहा गाड्या आहेत, दुधाचे कॅन रिकामे व्हायला तास-दीड तास सहज जाईल. तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात रोजच भांडते, पण आज कागदावर भांडायचं ठरवलं. कारण आज बुधवार, आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता मला बीडला हजर व्हायचंय. तुम्ही गेल्यावर मी गुपचूप नर्सिंगचा फॉर्म भरला होता, त्या यादीत माझं नाव लागलंय! आठ दिवस झाले पत्र येऊन. मी कुणाला बोलले नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं.

तुम्हाला आठवतं ना, लग्नानंतर दरवर्षी मी त्या फॉर्मचा विषय काढायची? आणि तुमचं ठरलेलं उत्तर. "यंदा दुष्काळ हाय. फुडल्या साली बघू." मग पुढच्या साली पाऊस झाला तर साखर कारखाना सुरू, तुम्हाला वर्कशॉपमधून मान वर करायला फुरसत नाही. नाही झाला तर पुन्हा दुष्काळ. माझ्यासाठी बरं साल आपल्या वडवणी तालुक्यात कधी उगवलंच नाही.

तुमच्या जीपसाठी मात्र प्रत्येक साल बरं होतं! ऊस नव्हता म्हणून कारखान्याची गव्हाण बंद, बैलगाड्यांचा तळ ओस पडलेला, आणि गेटपासून वजनकाट्यापर्यंतचा तो सरळसोट रस्ता मोकळा. दर रविवारी तुम्ही चार-पाच फिटर, ड्रायव्हर तिथे जीपा पळवायचात. आठवडाभर तीच जीप आमच्या महिला दूध संस्थेचे कॅन घेऊन धारूरचा घाट चढायची. शनिवारी तिचा अवतार बदलायचा. मागच्या दोन्ही चाकांवरच्या स्प्रिंगचे दोन-दोन पाटे तुम्ही काढून ठेवायचात, म्हणजे सुटताना गाडी मागून खाली बसते आणि रुंद टायर रस्ता धरतात. सोमवारी सकाळी पाटे पुन्हा चढवायचे, कारण दुधाचं वजन घेऊन गाडी तशी बसली तर टायर मडगार्डला घासणार. मला हे सगळं तोंडपाठ होतं. पाना मीच धरायची ना!

धरायची, एवढंच. "मला एक बोल्ट आवळू द्या" म्हटलं की तुम्ही हसायचात. "तुला जमायचं न्हाई, तू नुसतं धर."

त्या रविवारी तुम्ही जिंकलात. सोमवारी सकाळी न्हाणीत कोसळलात ते पुन्हा उठला नाहीत. पाटे गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलेच राहिले. इतक्या माणसांत, इतक्या रडारडीत पाट्यांची आठवण कुणाला असणार? मलाही नव्हती. तेरावा झाला आणि चारा छावणीवरून बायका आल्या. जनावरं छावणीत, दूध छावणीत, आणि घाटावर न्यायला गाडी नाही. केंद्राची गाडी एवढ्याशा दुधासाठी खाली उतरत नाही. छबूमावशी, आमच्या संस्थेच्या चेअरमन, दारात बसूनच राहिल्या. "सुनीता, तुला चालवता येती. आमी दुसऱ्या कुणाकडं जावं, सांग?"

मी निघाले. दुसऱ्या वळणावर रबर जळाल्याचा वास आला, तिसऱ्या वळणावर टायर फुटला. अहो, काय सांगू! दुष्काळात दूध रस्त्यावरून वाहताना बघितलंय का तुम्ही कधी? मी तिथेच खाली बसले आणि तुम्हाला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बाई नवऱ्यासाठी रडतेय. रडतही होतेच.

मग पाटे मी चढवले. दोन दिवस लागले, नखं गेली, पण चढवले. तुमचं एक वाक्य पक्कं लक्षात होतं, टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं जागा पाहिजे. म्हणून एक्सलवर पट्ट्या टाकत गेले, हात घालून बघत गेले, आणि चार बोटं बरोबर बसली तशी यू-बोल्ट आवळून टाकले. केवढी ऐट वाटली मला! दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर तोच वास.

माझी चार बोटं म्हणजे तुमची तीनच, हे मला गॅरेजवाला बघून हसला तेव्हा कळलं. त्यात मी मापलं रिकाम्या गाडीत, तुम्ही मापायचात भरलेल्या. इतकी वर्षं शेजारी उभं राहून मी एवढंही पाहिलं नव्हतं? की तुम्ही दाखवलंच नव्हतं? आजही ठरवता येत नाही.

भरून मापायचं तर वजन हवं. पिंपात पाणी भरलं असतं, पण पाणी कुठलं? टँकर आठवड्यातून एकदा. शेवटी छबूमावशींनी अख्खी संस्था जीपमध्ये बसवली. अकरा बायका! एका चाकाखाली मी दगड सारला, म्हणजे खड्ड्यात चाक वर उचललं जातं तेव्हा ते किती वर येतं ते दिसावं. मी खाली उताणी, वर अकरा जणींची बडबड.

"अगं ए, उतरू का आता? पाय मोडले माझे."

"गप बस. तू निम्म्या कॅनाएवढी न्हाईस, तुझं काय मोडतंय?"

"सुने, ते चाक तुझ्या डोक्यावर आलं तर आमाला सांग बरं का!"

एवढं हसले मी त्या दिवशी, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. आणि जागा बरोबर निघाली. तेव्हापासून टायर एकदाही घासलेला नाही. पण खरं सांगू? त्या बायका अजून उतरलेल्याच नाहीत हो. रोज सकाळी डोळे उघडले की त्यांचं वजन अंगावर असतं. ताप असो, पाळी असो, सणवार असो, कॅन भरलेले आणि माझी वाट बघणारे. "तू हायेस म्हणून चाललंय," असं म्हणतात. प्रेमानेच म्हणतात, म्हणून तर सुटता येत नाही. कुणी दार लावून कोंडलं असतं तर निदान दारावर लाथ तरी मारली असती.

आणि एक गोष्ट कबूल करायचीय. तुमची बहीण कमल, नवऱ्याघरून परत आलेली, दोन महिने माझ्यामागे लागली होती. "वैनी, मला जीप शिकव की." मी काय म्हणाले असेन? "तुला जमायचं न्हाई." अगदी तुमच्याच सुरात! म्हटल्यावर माझ्याच अंगावर काटा आला, तरी शब्द मागे घेतला नाही. उलट बायकांना सांगत सुटले की ही गाडी अवघड आहे, तिची नाडी मलाच कळते. तुम्ही तरी भोळेपणाने करत होतात. मी जाणूनबुजून केलं.

आज घाटाच्या पायथ्याला गाडी गरम झाली म्हणून मी आणि कमल थांबलो. मी बॉनेट उघडून बघतेय तोवर कमल जाऊन स्टेअरिंगवर बसली.

"उतर."

"न्हाई उतरत. छावणीच्या माळावर रोज फिरवते मी. तू आंघोळीला गेलीस की."

"रिकामी फिरवणं वेगळं. भरल्या गाडीचं मागचं अंग वळणात कसं दबतं, तुला काय म्हाईत?"

"मग सांग की. कावून सांगत न्हाईस?" आणि मग हळूच म्हणाली, "वैनी, पीठ काढताना पत्र सापडलं मला. चार-पाच दिस झाले. तू बोलशील म्हणून गप हुते. तू जा. मला फकस्त घाट शिकव."

मला आनंद व्हायला हवा होता की नाही? मी तिच्यावर ओरडले! पत्र वाचलंसच का, म्हणून. तिथे घाटाच्या तोंडाशी मला कळलं की जीप, कॅन, अकरा बायका, दुष्काळ, तुमचं मरण, ही सगळी माझी कारणं होती. मी तिशी ओलांडलेली बाई, अठरा वर्षांच्या पोरींबरोबर बाकावर बसायला घाबरते, हे खरं. कमल गाडी चालवायला लागली तर मला अडवायला कुणीच उरत नव्हतं.

मी पलीकडे जाऊन बसले. तिने घाट चढवला. पहिल्या वळणावर रस्त्यातला दगडच हुकवला नाही, दुसऱ्यावर गिअर अडकवला, तिसऱ्यावर मी डोळे मिटले. वर पोचल्यावर तिने घाम पुसला आणि चहा प्यायला निघून गेली, मला विचारलंसुद्धा नाही! आता टपरीवर ड्रायव्हर लोकांना काहीतरी हातवारे करून सांगतेय. तुमची बहीण शोभते.

तुमच्यावरचा राग सगळा गेलेला नाही. तुम्ही एकदा जरी पाना माझ्या हातात दिला असता, तर कदाचित मी आज इतकी घाबरले नसते. पण अजून खूप वेळ आहे, बरं साल कधीतरी येईल, असं तुम्ही धरून चालला होतात, एवढंच ना? मीही तसंच धरून चालले होते.

रांग हलली. कमल हाक मारतेय. उद्या एक दिवस आहे, तिला घाट दोनदा उतरवून घेते आणि संध्याकाळी छबूमावशींना सांगते. रागावतील, रडतील, मला ऐकवतील. ऐकून घेईन. शुक्रवारी निघताना पाय जड होतील आणि मी काहीतरी निमित्त शोधेन, एवढी मी मला ओळखते. म्हणून तुम्हाला शब्द देते. त्या वर्गात माझं नाव पुकारतील, तेव्हा आवाज फुटला नाही तर मी उभी राहीन, पण "हजर" म्हटल्याशिवाय खाली बसणार नाही.

तुमची,
सुनीता