आजपासून सवलत बंद

१ फेब्रुवारी
आजपासून सवलत बंद. असं आधीही लिहिलंय, पण तेव्हा मी गंभीर नव्हतो.

वस्तुस्थिती मांडून ठेवतो. बोझमनसारख्या महागड्या गावात जनावरांचा डॉक्टर म्हटलं की लोकांना वाटतं, गडी गब्बर असणार. पगार असा आहे: मी जेवढं बिल लावतो त्याचा पाचवा हिस्सा माझा. क्लिनिक दरमहा आठ हजार डॉलर आगाऊ देतं. हिस्सा तेवढा भरला नाही की तफावत ‘वजा’ नावाच्या रकान्यात जाऊन बसते. जानेवारीअखेर वजा चार हजार. दोष थंडीचा. असल्या गारठ्यात कुत्री आजारी पडायलासुद्धा बाहेर येत नाहीत.

घरभाडं तेवीसशे पन्नास. कॉलेजच्या कर्जाचा हप्ता चौदाशे. अंड्यांच्या भावाबद्दल न लिहिलेलं बरं. घराचा करार मार्चअखेर संपतोय. बायको, टेस, म्हणाली, भाडं सव्वीसशेच्या वर गेलं तर मी ग्लेनडाइव्हच्या शाळेतली नोकरी घेते आणि बहिणीजवळ राहायला जाते, तुला यायचं तर ये. बायका चिडल्या की असं बोलतात. तिने आवाज चढवला नव्हता, एवढंच जरा खटकलं.

पण भाडं वाढणार नाही. घरमालकीण कायपरबाई मला मुलासारखं मानतात. सहा वर्षांत त्यांनी एक डॉलर वाढवलेला नाही.

३ फेब्रुवारी
सुरुवात दमदार. स्की लिफ्टवर काम करणारी एक बाई मांजर घेऊन आली. मांजराने रबर गिळल्याचा संशय. बिल चारशे ऐंशी, एकही ओळ न गाळता. बाईने विचारलं, दोन कार्डांवर विभागून चालेल का? मग एक्स-रे काढून टाकला. एक्स-रेत काहीच दिसलं नव्हतं, आणि न दिसलेल्या गोष्टीचे पैसे घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तपासणी फीही काढली. मांजर फारच शहाणं होतं. याला सवलत म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात.

९ फेब्रुवारी
थ्री फोर्क्सच्या गुराख्याचा कुत्रा. तारेने पाय फाटलेला, चौदा टाके. पैशांऐवजी त्याने एल्क हरणाच्या मांसाचं बारा पौंड सॉसेज दिलं. सॉसेजवर कर लागत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. टेस म्हणाली, छान, आता एक तारखेला कायपरबाईंना सॉसेजच नेऊन दे. दोन पौंड फ्रीजमध्ये मावलं, बाकी गॅरेजमध्ये.

१३ फेब्रुवारी
मॅनेजर रोवेनाने बोलावलं. स्क्रीन माझ्याकडे वळवली. वजा चार हजार सहाशे. मार्चअखेर हा आकडा चार हजारांच्या आत आला नाही, तर आगाऊ रक्कम आठवरून साडेसहा हजार. वर म्हणाली, डॉक्टर, तुम्ही आधी माणसाच्या खिशाचं निदान करता, जनावराचं नंतर.

निदानावर माझा हात बसलेला आहे हे तीही मानते तर. मी सोडून जाईन अशी तिला धास्ती दिसते.

घरी आल्यावर महागाईची तुलना करणाऱ्या एका साइटवर माझा पगार घालून पाहिला. हाच पगार ग्लेनडाइव्हमध्ये जवळजवळ दीडपट ठरतो. कॉम्प्युटर बंद केला.

१९ फेब्रुवारी
टेसने फ्रीजवर ग्लेनडाइव्हच्या एका घराचा फोटो लावलाय. तीन खोल्या, भाडं अकराशे. मी त्यावर पिझ्झाचं कूपन लावलं. सकाळी पाहतो तर कूपन खाली, फोटो वर.  झोप नीट लागत नाही. उशी बदलायला हवी.

२४ फेब्रुवारी, दुपारी दोन
कायपरबाई डीकनला घेऊन आल्या. नऊ वर्षांचा शेफर्ड जातीचा कुत्रा, त्यांना दुसरं कुणी नाही. पोट ढोलासारखं फुगलेलं, नुसत्या कोरड्या उलट्या. जठराला पीळ पडलेला. तासाभरात पोट उघडलं नाही तर खेळ खलास.

खर्चाचा अंदाज लिहायला घेतला. रोवेना दारात उभी. भूल, शस्त्रक्रिया, ऑक्सिजन, सलाइन, दोन रात्रींची देखरेख, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा शंकूसुद्धा लिहिला. एकूण सहा हजार तीनशे शहाण्णव. कायपरबाईंनी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. म्हणाल्या, ऑरिन, हे सगळं लागतंच का रे?

हा प्रश्न मला हजारदा विचारला गेलाय, आणि हजारदा माझं पेन पाघळलंय. आज नाही. म्हटलं, लागतंच, मिसेस कायपर. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, मग जा, इथे उभा राहून वेळ घालवू नकोस.

संध्याकाळी सहा
जठर जांभळं पडलं होतं. पीळ सोडवताना नाडी दोनदा बुडाली. दुसऱ्यांदा मला वाटलं, गेला. मग हळूहळू रंग पालटला. जगला. मी रडलो, पण मास्कमुळे कुणाला कळलं नसावं.

२६ फेब्रुवारी
रोवेनाने माझ्यासाठी दालचिनीचा रोल आणला. या एका बिलातले बाराशे एकोणऐंशी माझे. वजाचा आकडा पहिल्यांदाच खाली सरकला. कायपरबाईंनीही पूर्ण रकमेचा चेक दिला, घासाघीस न करता. अशा बाईला व्यवहाराची कदर असते.

घरी येऊन सगळं रंगवून सांगितलं. टेस मांस-राजम्याची चिली ढवळत होती. तिने विचारलं, कुत्रा कुणाचा म्हणालास? मी सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि खुर्चीत बसली. धंद्यातलं तिला कळत नाही.

५ मार्च
कायपरबाईंचं पत्र आलं. सुवाच्य अक्षर.

प्रिय ऑरिन, डीकन पोटभर जेवतोय, तुझे उपकार विसरणार नाही. तुझं बिल मी तीनदा वाचलं. प्रत्येक गोष्ट वेगळी लिहायची तुझी पद्धत मला पटली. मी तशी कधी लिहिली नव्हती, ती चूक एक एप्रिलपासून सुधारते. गॅरेज दीडशे. माझा पुतण्या तुमच्या दारातला बर्फ काढतो त्याचे एकशे वीस. दुसऱ्या गाडीची जागा पंच्याहत्तर. कुंपणाचं आवार शंभर. तळघरातलं वॉशिंग मशीन अठ्ठ्याऐंशी.

वाढ दरमहा पाचशे तेहतीस. नवं भाडं दोन हजार आठशे त्र्याऐंशी.

बाराने गुणून पाहिलं. आधी फोनवर, मग कागदावर. डीकनच्या बिलाचा आकडा, जसाच्या तसा: सहा हजार तीनशे शहाण्णव.

बर्फ काढायला पैसे पडतात हे मला सहा वर्षांत सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, गावात सवलत देणारा मी एकटाच. मला फार लाज वाटली. पत्र टेसला दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि बहिणीला फोन लावला.

९ मार्च
कायपरबाईंशी वाटाघाटी करायला गेलो. तीन मुद्दे कार्डावर लिहून नेले होते. त्यांनी कॉफी दिली, सोबत बदामाची बिस्किटं. पहिला मुद्दा मांडला. त्या शांतपणे म्हणाल्या, तू सगळं लागतंच म्हणालास, मी विश्वास ठेवला. आता मीही म्हणते, सगळं लागतंच. तू माझ्यावर विश्वास ठेव. डीकनने माझ्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. दुसरा मुद्दा सापडेना. बिस्किटं मात्र चांगली होती.

२९ मार्च
वजा तीन हजार नऊशे सत्तर. म्हणजे मी जिंकलो. आगाऊ रक्कम शाबूत. रोवेनाने हात मिळवला, आणि त्याच हातात मी राजीनामा ठेवला. वाईट तिलाच जास्त वाटलं असावं. 

घरी टेस भांडी कागदात गुंडाळत होती. मी तिला सांगितलं, ग्लेनडाइव्हच्या ज्या क्लिनिकमध्ये मला नोकरी मिळालीय तिथेही हिश्शाचाच पगार आहे, पण काळजी करू नकोस. मी आता बदललोय. तिथे पहिल्या दिवसापासून पूर्ण बिल, मग समोर कुणीही असो.

ती थांबली. म्हणाली, नको रे, ऑरिन. तिथेही आपण भाड्यानेच राहणार आहोत.