यंदाची धुवारी

८ डिसेंबर, सोमवार

ट्रक चालूच होईना! थंडीत बॅटरीनेही गोधडी पांघरली होती. शेवटी शेजारच्या कडूबाने ट्रॅक्टर लावून ओढला, तेव्हा खोकत खोकत उठला. कडूबा म्हणतो, ‘पंजाबभाऊ, तुमच्या गाडीले काढा पाजा!’

एवढं निमित्त आमच्या सौ. अन्नपूर्णेला पुरलं. ‘हिवाळाभर घाट काजलले उतरू द्या. तिच्यापाशी लायसन हाय आता.’ घ्या! दिवाळीत पोरीला लायसन काय मिळालं, घरात बाप एकदम म्हातारा झाला. तीस वर्षं राजूर घाट उतरतोय मी! म्हटलं, पैज लाव. शिवरात्रीपर्यंत गाडीला एक जरी ओरखडा आला, तर चावी काजलची. नाही आला, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. ‘हाव,’ म्हणाली. काजल चुलीपाशी बसून गालात हसत होती.

११ डिसेंबर, गुरुवार

दुसरबीडहून कापूस भरला, मोताळ्याच्या जिनिंगला टाकायचा. बुलढाणा सोडलं आणि घाटात ही धुवारी! बॉनेटच्या पुढे सगळं पांढरं धुकं. वळणावर पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला, मागे थांबलो. तो हलेना. हॉर्न दिला. पुन्हा दिला. शिव्याही दिल्या दोन-चार. मग चहाच्या टपरीवरच्या मनकर्णाबाई कंदील घेऊन आल्या. ‘काऊन हो भाऊ, देवीले हॉर्न देऊन राह्यले?’

देवीच्या ठाण्यावरचा दिवा होता तो! कान धरले, नारळ फोडला, चहा प्यालो. घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण पोटात राहीना, सांगितलं. दोघी लोळून लोळून हसल्या. ओरखडा मात्र नाही!

२६ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा धुवारी. काचेला तंबाखू चोळली, जुना इलाज. म्हणावा तसा गुण नाही, हल्ली तंबाखूतही भेसळ. आख्खा बटवा काचेवर संपला. अन्नपूर्णा खूष. ‘तोंडात गेली न्हाई, लई बेस झालं.’

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. कडूबा तिळगूळ घेऊन आला, तुरीच्या शेंगांची पिशवीही. यंदा त्याची तूर अशी लदबदलीय की काय विचारता! म्हणतो, ‘धुवारी न्हाई पडली ना भाऊ यंदा. दोनच दिवस आली ते आली. न्हाई तर फूल गळते सारं.’

मी पोट धरून हसलो. दोनच दिवस! अरे, मी घाटात रोज धुवारी खातोय. शेतकऱ्याला काय दिसणार, तो पांघरुणात! पण शेंगा गोड होत्या, म्हणून वाद घातला नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

आजही धुवारी. अक्षर मोठं काढतोय, घरातला बल्ब मेला माझ्याहून म्हातारा झालाय.

१५ फेब्रुवारी, रविवार

शिवरात्र! थंडी शिव शिव म्हणत गेली आणि पैज मी जिंकलो! काजलने गाडीभोवती चक्कर मारली. वाकून वाकून पाहिलं, हात फिरवून पाहिलं. ‘न्हाई बाबा, कुठीच काही न्हाई.’ तोंड एवढंसं झालं पोरीचं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तिचा हात चांगला आहे, मला ठाऊक आहे. पण पैज ती पैज! उपास असून साबुदाण्याची उसळ तीनदा घेतली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काजलला शेजारी बसवून नेलं. म्हटलं, जिंकलेला ड्रायव्हर घाट कसा उतरतो ते बघ. भर दुपारी घाटाच्या तोंडाशी आलो आणि समोर धुवारी! दिवे लावले, गाडी कडेला घेतली, उतरून काचेला तंबाखू चोळायला लागलो.

‘बाबा, हे काय करून राह्यले?’

‘धुवारी दिसत न्हाई का तुले?’

ती खाली उतरली, माझा हात धरला. ‘धुवारी कुठी हाय, बाबा? लख्ख ऊन पडलं.’

भीती वाटली. पुढच्या घाटाची नाही, उतरून झालेल्या सगळ्या घाटांची. चावी तिच्या हातात ठेवली. हरलो नव्हतो, तरी. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

गाडी तिने घाटाखाली उतरवली. मी डोळे मिटून ऐकत होतो. गिअर एकदाही कुरकुरला नाही. देवीपाशी मात्र हॉर्न दिला पोरीने, मुद्दाम!