कोंबडी आत शिजेल

४ एप्रिल
लेकीचा, मुक्ताचा फोन. पुढच्या रविवारी येते म्हणाली, नवऱ्याला, नितीनला घेऊन. लग्नानंतर पहिल्यांदाच. कुणाला न विचारता ‘या’ म्हणून टाकलं.

जेवताना यांना सांगितलं. म्हणाले, “येऊ दे. त्याला मागं पडवीत वाढ. कोंबडी कर म्हणजे झालं. आपण बाहेरच खातो ती. कोणाला काय वाटायचं नाय.”

खरं आहे. आमच्याकडे मासळी आत शिजते. कोंबडी मागच्या पडवीतल्या चुलीवर, खाणारेही तिथेच. आत देव आहेत. इतकी वर्षं केलं, कधी बोचलं नाही. आज बोचलं. जावई आपल्यातला नाही, हे तोंडानं बोलायला नको म्हणून यांनी कोंबडी पुढे केली.

६ एप्रिल
ठरलं. कोंबडीच करणार. आत.

नितीन वाशीला हॉटेलात आचारी. त्यालाच विचारलं, तुम्हाला काय आवडतं? इटलीतली शिकाऱ्यांची कोंबडी म्हणाला. टोमॅटो, भोपळी मिरची, ऑलिव्ह, थोडं व्हिनेगर. “आई, मंद गॅसवर तासभर. घाई करायची नाही.”
मला ‘आई’ म्हणाला.

चुलीवर झावळ्या भडकतात, तिथं हे जमायचं नाही. आयतं कारण मिळालं. पण यांना ते सांगणार नाही. कारण दिलं की परवानगी मागितल्यासारखं होईल.

८ एप्रिल
पडवीत करून पाहिली. खालून लागली. सवयीनं तांब्याभर पाणी ओतलं, झाला रस्सा. सासूबाईंनी चव घेतली. “वाटण न्हाय, खोबरं न्हाय. आजाऱ्याचं जेवण हाय का?” दोन फोडी मात्र खाल्ल्या. ऑलिव्ह बोटांनी दाबून पाहिलं. “करवंदं खारवलीस व्हय?”

नितीनला फोन. “पाणी नाही, आई. टोमॅटोच्याच रसात शिजू दे.”

१० एप्रिल
यांना सांगून टाकलं. रविवारी कोंबडी आत शिजेल. सगळे माजघरात जेवतील.
“देवांचं काय?”
“मासळीला काय म्हणतात देव?”
“आईला विचारलंस?”
“तुमची आई. तुम्ही विचारा.”
यांनी विचारलं नाही. मला वाटलं होतं, भीती वाटेल. वाटली. पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

१२ एप्रिल, दुपार
सकाळी पातेलं आत नेलं तेव्हा सासूबाई देव्हाऱ्यापाशी. देव्हाऱ्याची दारं लावली, वर टॉवेल टाकला. “त्यांना वास नको. तू कर.”

कातडीसकट तुकडे आधी नुसत्या तेलात लाल केले, मग कांदा, लसूण, बाकीचं. झाकण. पाण्याकडे हात दोनदा गेला.

माजघरात पाच ताटं मांडली. नितीन आला, वाकून नमस्कार केला. यांनी मान हलवली, पेपर घेऊन पडवीत जाऊन बसले. मुक्ताचे डोळे भरले. “बाबा?” मी म्हटलं, भूक लागली की येतील. तू बस.

आम्ही चौघं जेवलो. सासूबाई नितीनला म्हणाल्या, “जावईबापू, पुढच्या खेपेला खोबरं घाला.” हसला बिचारा.

मध्येच पडवीतून हाक, “माझं ताट हितं दे.”
“ताट माजघरात वाढलंय,” मी म्हटलं. माझाच आवाज, पण ओळखीचा वाटला नाही.

मुक्ता आणि नितीन समुद्रावर गेलेत. यांचं ताट अजून माजघरातच, झाकलेलं. निवलं असेल. आले तर गरम करून देईन. बाहेर नेणार नाही.

पडवीतली खाट आत्ता करकरली. उठले, की नुसती कूस बदलली?